आपोलोनिया बाहेर गेलीय

हल्ली आमच्याकडच्या आया मुलींची नावं रानातून वेचून आणतात. कुणाची आल्बा म्हणजे पहाट, कुणाची लूना म्हणजे चंद्र, कुणाची वेगा म्हणजे नदीकाठची हिरवी जमीन. गेल्या पाच वर्षांत वाल्देत्रिगोस आणि शेजारच्या गावात मिळून दोन अमापोलाही झाल्यात. एक बेकरीवाल्याची, दुसरी नव्या डॉक्टरीणबाईंची. या आया मोबाइलवर नावांच्या याद्या वाचतात, "किती गोड आहे ना!" म्हणतात आणि बाबागाडी ढकलत चर्चच्या चौकात उन्हाला बसलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हातारीपुढे येऊन उभ्या राहतात.

"आजी, तुमचंही नाव अमापोलाच ना? त्या काळात असलं नाव तुम्हाला कसं काय मिळालं हो?"

"मिळालं नाही. घेतलं," म्हातारी म्हणते. "अडतीस वर्षं लागली. तुझ्या पोरीला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं. फॉर्म ऑनलाइन होता."

यावर म्हातारी हसते, पण त्या हसण्यात थोडा राग असतोच. तो असायलाच हवा, असं माझंही मत आहे.

१९४० च्या मे महिन्यात बेनिता मेरिनो नऊ महिन्यांचं पोट घेऊन निंदणीला गेली, कारण घरी बसून चालणार नव्हतं. नवरा त्याच हिवाळ्यात न्युमोनियानं गेला होता. तेव्हा निंदणी बायकांची. वीसेक बायका तोंडाला रुमाल गुंडाळून, डोळ्यांपुरती फट ठेवून गव्हात ओळीनं उभ्या राहायच्या, एकेक पात धरायच्या आणि छोटं खुरपं घेऊन वाकायच्या ते थेट जेवणाच्या घंटेलाच वर व्हायच्या. काढायचं तण पुष्कळ होतं, पण खरं वैर अमापोलाशी. खसखशीच्या जातीचं हे लाल रानफूल कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी दर वसंतात गहू वीतभर झाला की हे हजर. मुकादम माकारियो बांधावर उभा राहून दिवसभर एकच ओरडायचा, "एकही अमापोला मागे राहता कामा नये!"

त्या दिवशी अकराच्या सुमाराला बेनिताला कळा सुरू झाल्या. गावापर्यंत नेण्याइतका वेळ नव्हता. बायकांनी रुमाल सोडले, चार जणींनी आडोसा धरला. बाकीच्यांत तेओफिला म्हणून एक चावट बाई होती, तिनं शेजारची अमापोलाची न उमललेली कळी तोडली. आमच्याकडे पोरांचा हा खेळच आहे: कळी मिटलेली असताना विचारायचं, कोंबडा, कोंबडी की पिल्लू? मग फोडून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, गुलाबी निघालं तर कोंबडी, पांढरं तर पिल्लू. तेओफिलानं कळी फोडली, आत लालभडक. "कोंबडा! मुलगा होणार बघा!" अर्ध्या तासानं मुलगी झाली.

"कळीसुद्धा खोटं बोलायला लागली," तेओफिला म्हणाली.

"खोटं कुठं बोलली," बेनिता धापा टाकत म्हणाली, "तिनं नाव सांगितलं."

बायकांना वाटलं, कळांनी बाईचं डोकं फिरलं. माकारियो तर बांधावरून खाली उतरून आला. "बेनिता, जे उपटायला तुला रानात आणली, ते तू घरी नेऊन लावणार?"

"हो. आणि हे तुमच्याच्यानं उपटणार नाही, मुकादम."

हे ती का म्हणाली, ते तिनं पुढे लेकीला अनेकदा सांगितलं. पंधरा वर्षांची असल्यापासून ती ही फुलं उपटत होती आणि दर वर्षी ती परत येत होती. नवरा गेलेली, हातात काही नसलेली बाई आपल्या पोरीसाठी याहून वेगळं काय मागणार? कुणी पेरलं नाही, कुणी जपलं नाही तरी हिनं संपू नये, एवढंच तिला हवं होतं.

बारशाला पाद्री सातुरियोबाबांनी विचारलं, "नाव?"

"अमापोला."

बाबांनी कानामागे हात धरला. "काय?"

"अमापोला, पाद्रीबाबा."

"आपोलोनिया. छान. दातांची संत." बाबांनी लेखणी उचलली.

"आपोलोनिया नाही! अ-मा-पो-ला!" बेनिता एवढ्यानं ओरडली की मनोऱ्यावरच्या करकोच्यानं पंख फडफडवले.

बाबांचा कान तसा ठीक होता. अख्ख्या गावाची कुजबुज त्यांना कबुलीजबाबाच्या खोपटातून स्पष्ट ऐकू यायची. ते हळूच म्हणाले, "बाई, संतांच्या यादीत हे नाव नाही. हे तण आहे. आणि वर लाल. आपलं यादवी युद्ध संपून वर्ष झालंय, हरलेल्या लाल बाजूच्या माणसांचं काय होतंय ते बघितलंस ना? मी तुझ्या भल्याचं सांगतोय." आणि त्यांनी पोरीच्या डोक्यावर पाणी ओतलं. चर्चच्या वहीत आपोलोनिया झालं, गावच्या कारकुनानं तेच आपल्या वहीत उतरवलं, आणि कायद्यानं अमापोला नावाचं कुणी जन्मालाच आलं नाही.

गावानं यातून सोयीची वाट काढली. आपोलोनियाचं लाडाचं नाव पोला, अमापोलाचंही पोलाच. म्हणून सगळे तिला पोला म्हणू लागले. पाद्रीबाबा खूश, बेनिताचंही मन राखलं, भांडणच नको. आमच्या गावाला भांडण मिटवण्याची फार हौस, विशेषतः दुसऱ्याचं.

पण पोरगी आईची होती. सहा-सात वर्षांची असताना शेजारणीनं "ए पोला, इकडे ये" अशी हाक मारली, की ती रस्त्याच्या मध्यापर्यंत जायची आणि तिथंच उभी राहायची.

"अगं ये ना पुढे!"

"अर्ध्या नावानं बोलावलंत, अर्धीच आले."

शाळेत तर कहर झाला. बाई हजेरी घेताना बापाचं आडनाव लावून म्हणायच्या, "आपोलोनिया रेदोंदो." तिसऱ्या बाकावरची पोरगी खिडकीबाहेर बघत बसायची. बाईंनी छड्या दिल्या, गुडघ्यांवर उभी केली, आईला बोलावलं. बेनिता येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही जिला हाक मारताय ती मुलगी मी जन्माला घातलेली नाही. ती कुठे आहे ते मला काय माहीत?" बाईंनीही हट्ट धरला. वर्षभर हजेरीपटावर आपोलोनिया रेदोंदो गैरहजर, आणि तिसऱ्या बाकावर बसून ती पोरगी भागाकारात सगळ्यांच्या पुढे.

आमच्याकडे वाढदिवसाला फारसं कुणी विचारत नाही, पण ज्या संताचं नाव लावतो त्याच्या दिवशी शेजारीपाजारी आवर्जून घरी येतात. नऊ फेब्रुवारी हा सांता आपोलोनियाचा दिवस. दर वर्षी दोन-चार बायका तळलेल्या गोड कड्या घेऊन बेनिताच्या दारात यायच्या, आणि दर वर्षी पोरगी दार अर्धं उघडून सांगायची, "आपोलोनिया बाहेर गेलीय."

"कधी येईल?"

"यायची नाही ती."

कड्या मात्र ती ठेवून घ्यायची. ज्यांचे दात दुखत ते टवाळ लोक तिला रस्त्यात अडवून म्हणायचे, "सांता आपोलोनिया, माझ्या दाढेला जरा हात लाव ना!" एकाला तिनं खरंच हात लावला, मुठीसकट. पुढे त्या जागी त्याला सोन्याचा दात बसवावा लागला.

नवव्या वर्षापासून ती आईबरोबर निंदणीला जाऊ लागली. सगळ्यांत लहान म्हणून तिची पात अगदी कडेची, आणि ती नेहमी मागे पडायची. माकारियो बांधावरून ओरडायचा, "एकही अमापोला मागे राहता कामा नये!" आणि कडेच्या पातीवरून बारीक आवाज यायचा, "मी आहे मागे!" वीस बायका रुमालांच्या आत खदाखदा हसायच्या. मुकादमाचं तोंड लाल व्हायचं. मग तो दिवसभर तिला त्याच नावानं शिव्या घालायचा. "ए अमापोला, हात चालव! अमापोला, गव्हाची लोंबी तुडवतेस, दिसत नाही का? हे तण एक दिवस मी मुळासकट काढणार!" पोरीला त्याची मिशी आवडत नव्हती, बोलणं आवडत नव्हतं, आईला तो सगळ्यांदेखत हिणवायचा याचा तर तिला भयंकर संताप यायचा. दर वसंतात हे असंच चालायचं.

लग्न झालं ते बासष्ट साली, ओनोरियो नावाच्या शांत मेंढपाळाशी. लग्न लावायला पुन्हा सातुरियोबाबाच, आता खरोखरच म्हातारे झालेले.

"आपोलोनिया, या पुरुषाचा पती म्हणून तू स्वीकार करतेस का?"

नवरी गप्प.

"आपोलोनिया, या पुरुषाचा..."

नवरी छताकडे बघतेय. चर्चमध्ये खोकल्याचे आवाज सुरू झाले. ओनोरियोच्या कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये गेला. तो कुजबुजला, "अगं, निदान माझ्याकडे बघून तरी..."

"तुला नाही म्हणत नाहीये मी," ती मोठ्यानं म्हणाली. "तिला विचारताहेत. ती आली की देईल उत्तर."

तिसऱ्यांदा बाबांनी दीर्घ श्वास घेतला, पहिल्या बाकावर बसलेल्या बेनिताकडे बघितलं, आणि नाव गाळून टाकलं. "तू, मुली, या पुरुषाचा पती म्हणून स्वीकार करतेस का?"

"हो."

गावात या प्रसंगावर वर्षभर वाद चालला. कुणी म्हणालं पाद्री हरला, कुणी म्हणालं ती. खरं तर त्या दिवशी बरोबरी झाली, आणि बरोबरी तिला कधीच पटली नव्हती.

मग काळ बदलला. गव्हावर तण मारायची औषधं फवारायला सुरुवात झाली आणि निंदणीच्या बायकांची गरज संपली. बऱ्याच जणी नवऱ्यामागोमाग बिल्बाओच्या कारखान्यांकडे गेल्या. रानं नुसती हिरवी, मग नुसती पिवळी दिसू लागली. लाल ठिपका बघायचा तर रेल्वेच्या रुळांपाशी जावं लागे. ते युद्ध जिंकून सत्तेवर बसलेला हुकूमशहा मेला, आणि सत्त्याहत्तर साली नव्या कायद्यानं नावांवरची बंधनं सैल केली. ही बातमी अमापोलानं गावच्या भट्टीवर पाव काढताना रेडिओवर ऐकली. तिनं फावडं भिंतीला टेकवलं आणि पिठाच्या हातांनी घरी आली.

बेनिता तेव्हा बासष्टीची. निंदणीनं पाठ कायमची वाकलेली, कान मात्र तल्लख. ऐकून ती म्हणाली, "मग अजून इथं काय करतेयस? मी मरायच्या आत कागदावर बघायचंय मला. वाचता येत नसलं म्हणून काय झालं, बघता तर येतं."

तालुक्याच्या नोंदणी कचेरीत लेआंद्रो नावाचा तरुण अधिकारी होता. माणूस सज्जन, पण कागदाचा पक्का. "बाई, नाव बदलून मिळेल. पण हेच नाव तुम्ही सतत वापरत होता, याला पुरावा लागेल."

"नाव बदलायचं नाहीये मला. चूक दुरुस्त करायचीय."

"कायदा त्याला बदल म्हणतो." त्यानं फाइल उघडली. "तुमचा अर्ज आल्यावर मी शाळेचा हजेरीपट मागवला होता. त्यात अमापोला कुठंच नाही. आपोलोनिया रेदोंदो आहे, पण ती वर्षभर गैरहजर. कुठं होतात तुम्ही?"

"तिसऱ्या बाकावर."

लेआंद्रोला हसू आलं. "शब्द सुंदर आहे हो. मी शब्दकोशात बघितलं. लॅटिन आणि अरबी एकमेकांत मिसळून तयार झालाय. इथल्या लोकांच्या तोंडात शेकडो वर्षं आहे."

"मग शेकडो वर्षांच्या शब्दाला माझ्याकडे पुरावा कशाला मागता?"

"शब्दाला नाही, तुम्हाला मागतोय. या नावानं तुम्हाला हाक मारणारे दोन साक्षीदार आणा. नातेवाईक चालणार नाहीत."

पहिली साक्षीदार सोपी होती. कळी फोडणारी तेओफिलाकाकू अजून गावात होती आणि अजून तितकीच चावट होती. पण दुसरा कोण? अमापोला दारोदार फिरली. प्रत्येकानं मान खाली घातली. "शपथेवर खोटं कसं सांगू गं? आम्ही तर तुला कायम पोलाच म्हणत आलो." जी सोय गावानं भांडण टाळायला काढली होती, तिनंच आता तिचा गळा धरला. ज्या बायकांनी पूर्ण नावानं हाक मारली असती, त्यांतल्या काही बिल्बाओत, काही मातीत. रात्री ती चुलीपाशी बसून रडली. अडतीस वर्षांत लोकांनी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं, लोकांनी म्हणजे आईनं आणि ओनोरियोनं.

बेनिता म्हणाली, "माकारियो राहिला ना."

"त्याच्या दारात मी जाणार नाही. तुला काय काय बोललाय तो, विसरलीस?"

"मी नाही विसरले. म्हणून तर सांगतेय. ते सगळं कुठल्या नावानं बोलला, ते आठव."

दुसऱ्या दिवशी ती गेली. अठ्ठ्याहत्तरीचा माकारियो मातीच्या भिंतीपाशी दोन हात काठीवर ठेवून उन्हाला बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, उन्हाच्या आड.

"माकारियोकाका, मी काही मागायला आलेले नाही. तुम्ही मला लहानपणी ज्या शिव्या दिल्यात ना, त्या कचेरीत येऊन परत एकदा द्या. शपथेवर. गुरुवारी दहा वाजता."

"तुझं नाव आपोलोनिया," म्हातारा म्हणाला. "पाद्रीबाबांनी ठेवलंय. बाजूला हो, ऊन अडतंय."

ती बाजूला झाली नाही. दहा मिनिटं तशीच उभी राहिली, मग घरी गेली.

गुरुवारी कचेरीत तेओफिलाकाकूनं कळीपासून सगळं सांगितलं, लेआंद्रोनं लिहून घेतलं. दहा वाजले, साडेदहा झाले. बेनिता दाराजवळच्या बाकावर वाकून बसली होती. अमापोलानं पिशवी उचलली, आणि तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. माकारियो कोट घालून आला होता, लग्नाला घालतात तसला काळा. तो कुणाकडे न बघता लेआंद्रोच्या समोर बसला.

"लिहा," तो मुकादमी आवाजात म्हणाला. "चर्चच्या वहीत हिचं नाव काय आहे त्याच्याशी मला देणंघेणं नाही. माझ्या रानात ही दहा-बारा वर्षं निंदणीला होती. दर वसंतात मी ओरडायचो, एकही अमापोला मागे ठेवू नका. आणि ही कारटी शेवटच्या पातीवरून ओरडायची, मी आहे मागे. दिवसातून पन्नास वेळा मी हिला त्या नावानं शिव्या घातल्यात. त्याही लिहायच्यात का?"

"नको, नाव पुरे."

"लिहा मग. पुढे औषधं आली, मी स्वतः फवारली. आज त्या रानात जाऊन बघा, एक अमापोला दाखवा मला. नाही सापडणार. सगळी काढली मी." म्हाताऱ्यानं काठीनं अमापोलाकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "ही एक निघाली नाही."

त्यानं सही केली, उठला, आणि दाराशी बेनितापुढे क्षणभर थांबला. "पोरगी झाली तेव्हाच तू म्हणाली होतीस," एवढंच पुटपुटून तो जिना उतरायला लागला. बेनितानं त्याला माफ केलं की नाही, ते तिनं पुढे कधी सांगितलं नाही, आणि मला वाटतं, नव्हतंच केलं.

कागद तयार व्हायला अठ्ठ्याहत्तरचा सप्टेंबर उजाडला. पत्र आलं तशी बेनिता काळी शाल पांघरून सगळ्यांत आधी बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. कचेरीच्या व्हरांड्यात त्या दिवशी जमीनजुमल्याच्या कामाला आलेली बरीच माणसं होती. लेआंद्रो दारात आला, हातातला कागद बघून त्यानं पुकारलं:

"अमापोला रेदोंदो मेरिनो!"

अडतीस वर्षं जी सरकारी हाक आली नव्हती, ती आल्यावर काय करायचं, हे अमापोलानं कधी ठरवलंच नव्हतं. ती उठणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या आईनं तिच्या मनगटावर हात ठेवून तिला खाली दाबलं. मग बेनितानं आपला दुसरा, खुरप्यानं वाकडा झालेला हात कानामागे धरला.

"काय?" ती म्हणाली.

लेआंद्रोनं आवाज चढवला. "अमापोला रेदोंदो मेरिनो!"

"काय म्हणालात, साहेब? म्हातारीला ऐकू येत नाही."

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. खिडकीतून एक टायपिस्ट बाई डोकावली. लेआंद्रोनं छाती भरून घेतली आणि असा ओरडला की खालच्या चौकातली कबुतरं उडाली.

"अ-मा-पो-ला!"

बेनितानं कानामागचा हात काढला आणि लेकीचं मनगट सोडलं.

अमापोला उभी राहिली. "हजर," ती म्हणाली.